महाराष्ट्रातून दूरचं स्टेशन कधी लागतं? हॅम रेडिओसाठी सूर्य आणि आयनांबर वाचण्याची रीत

हौशी लोकांच्या, म्हणजे हॅम, रेडिओ सेटवरून दुपारी बारा वाजता ४० मीटर तरंगलांबीच्या बँडवर (७ मेगाहर्ट्झच्या आसपास) कितीही वेळ ‘सीक्यू डीएक्स’, म्हणजे ‘दूरचं कोणी आहे का?’, पुकारा, लंडन ऐकणार नाही. कोल्हापूर, सोलापूर, हुबळी उत्तर देतील, फार तर हैदराबाद. मध्यरात्रीच्या आसपास त्याच सेटवर, त्याच तारेवर, तेवढ्याच वॅटांत युरोपातली स्टेशनं येऊ लागतात. मधल्या वेळात बदलला तो फक्त सूर्य: तुमच्या डोक्यावरचा, समोरच्याच्या डोक्यावरचा आणि दोघांमधल्या वाटेवरचा. या तीन ठिकाणी सूर्य कुठे आहे हे सांगता आलं, की कोणता बँड कधी लावायचा हा प्रश्न बराचसा सुटतो.

हे महाराष्ट्रापुरतं वेगळं लिहायचं कारण आहे. इंग्रजी पुस्तकांतले बहुतेक ठोकताळे इंग्लंड-अमेरिकेच्या अक्षांशांवर बसून बांधलेले आहेत. तिथे डिसेंबरात भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून फारसा वर येत नाही. पुण्यात तो वर्षातून दोनदा, मेच्या मध्यात आणि जुलैअखेर, थेट माथ्यावर येतो. शिवाय चुंबकीय विषुववृत्त (पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र जिथे आडवं असतं ती रेषा) आपल्या देशाच्या दक्षिण टोकावरून जातं, त्यामुळे आपल्या डोक्यावरचं आयनांबर, म्हणजे रेडिओ लहरी परतवणारा वातावरणाचा वरचा विद्युतभारित भाग, त्यांच्यापेक्षा वेगळं वागतं. ते ठोकताळे जसेच्या तसे उचलण्यापेक्षा आपल्या जागेवरून हिशेब मांडायला शिकलेलं बरं.

पहिली पायरी: घड्याळ आणि नकाशा

टेबलावर दोन घड्याळं ठेवा, एक भारतीय वेळेचं आणि एक यूटीसीचं, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेचं. यूटीसी म्हणजे आपली वेळ वजा साडेपाच तास. रात्री ९:३० म्हणजे १६:०० यूटीसी. पहाटे साडेपाचच्या आधी यूटीसीची तारीख आदल्या दिवसाची असते, आणि लॉगमध्ये, म्हणजे संपर्कांच्या नोंदवहीत, सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. या लेखात मी भारतीय वेळ देतो आहे. लॉग मात्र यूटीसीतच लिहा.

मग नकाशा. शाळेतला सपाट नकाशा इथे उपयोगाचा नाही. आपलं गाव मध्यभागी ठेवून काढलेला ॲझिमुथल नकाशा हवा. इंटरनेटवर आपले अक्षांश-रेखांश घातले की तो मोफत मिळतो. त्यावर मध्यापासून ओढलेली सरळ रेघ म्हणजे पृथ्वीच्या गोलावरचा सगळ्यात जवळचा मार्ग. मुंबई-पुण्याहून उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने मोजलं, तर लंडन साधारण ३१९ अंशांवर म्हणजे वायव्येला येतं, टोकियो ५९ अंशांवर, सिडनी १२६ अंशांवर आग्नेयेला. न्यूयॉर्क ३३३ अंशांवर, सुमारे १२,५०० किलोमीटर. आणि सॅन फ्रान्सिस्को? पॅसिफिक ओलांडून पूर्वेला नव्हे, तर १४ अंशांवर, जवळजवळ सरळ उत्तरेला. तो मार्ग ध्रुवाजवळून जातो. हे लक्षात ठेवा, पुढे चुंबकीय वादळांच्या वेळी याचं महत्त्व कळेल.

डायपोलची, म्हणजे मधोमध केबल जोडलेल्या सरळ अँटेनाची, तार ताणण्यापूर्वी हे अंश पाहून घ्या. डायपोल आपल्या तारेच्या काटकोनात जास्त ऊर्जा फेकतो. तार ईशान्य-नैर्ऋत्य ताणली, तर एका बाजूला वायव्य म्हणजे युरोप आणि दुसऱ्या बाजूला आग्नेय म्हणजे ऑस्ट्रेलिया, दोन्ही एकाच तारेत मिळतात. उंची निदान अर्ध्या तरंगलांबीइतकी हवी. २० मीटर बँडला ती १० मीटर होते. त्याहून बरीच खाली बांधलेली तार ऊर्जा सरळ वर फेकते; आसपासच्या जिल्ह्यांशी बोलायला ती उत्तम, डीएक्सला कमकुवत.

दुसरी पायरी: वरचे थर, कामापुरते

मार्कोनीने १२ डिसेंबर १९०१ रोजी इंग्लंडमधल्या पोल्डूहून पाठवलेला संदेश न्यूफाउंडलंडमध्ये ऐकल्याचं जाहीर केलं, तेव्हा पृथ्वीच्या वक्र पाठीवरून लहरी पलीकडे कशा गेल्या याचा उलगडा कोणाला होत नव्हता. पुढच्याच वर्षी केनेली आणि हेविसाइड यांनी वेगवेगळे राहून एकच तर्क मांडला: वर विजेला वाट देणारा थर असला पाहिजे. ॲपलटन यांनी १९२४ साली प्रयोगाने तो दाखवला, आणि त्या कामासाठी त्यांना १९४७चं नोबेल मिळालं. भारतात याच विषयाची पायाभरणी कोलकात्यात शिशिरकुमार मित्र यांनी केली.

पण शॉर्टवेव्ह खऱ्या अर्थाने चालवून दाखवल्या त्या हौशी लोकांनी. अमेरिकेच्या १९१२च्या कायद्याने त्यांना २०० मीटर आणि त्याखालच्या तरंगलांबीत ढकललं होतं, कारण त्या लहरी लांब पल्ल्याला निरुपयोगी समजल्या जात. नोव्हेंबर १९२३ मध्ये फ्रान्समधल्या नीसहून लिओन देलॉय आणि अमेरिकेतले फ्रेड श्नेल यांनी १०० मीटरच्या आसपास अटलांटिकपार दुतर्फा संपर्क साधला, आणि त्या समजुतीचा निकाल लागला. आज आपण वापरतो ती वाट हौशींनी पाडलेली आहे, याचा मला फार अभिमान वाटतो.

सूर्याचे अतिनील आणि क्ष-किरण वरच्या विरळ हवेतल्या अणूंमधून इलेक्ट्रॉन सुटे करतात. त्यातून थर बनतात, आणि आपल्याला त्यातल्या दोघांशी मुख्य काम आहे.

डी थर साधारण ६० ते ९० किलोमीटरवर, फक्त दिवसा असतो. तो लहरी परतवत नाही, टीपकागदासारखा शोषून घेतो. फ्रिक्वेन्सी जितकी कमी तितकं शोषण जास्त, आणि तेही वर्गाच्या प्रमाणात: ७ मेगाहर्ट्झवर होणारं शोषण १४ मेगाहर्ट्झवर साधारण चौथा हिस्सा उरतं. दुपारी ४० मीटर फक्त जवळपास चालतो तो यामुळेच. हा थर दाट हवेत असल्याने सूर्य मावळताच इलेक्ट्रॉन पुन्हा अणूंना चिकटतात आणि थोड्या वेळात तो विरतो.

एफ-२ थर २५० ते ४०० किलोमीटरच्या पट्ट्यात. दूरचं बोलणं करून देणारा हाच. तिथली हवा इतकी विरळ, की सुटलेले इलेक्ट्रॉन सूर्यास्तानंतरही तासन् तास सुटेच राहतात. रात्रभर तो हळूहळू क्षीण होत जातो आणि पहाटे, सूर्योदयाच्या जरा आधी, सगळ्यात दुबळा असतो. एका उडीत तो लहर जास्तीत जास्त सुमारे ४,००० किलोमीटर नेतो.

मधला ई थर दिवसा थोडी मदत करतो. कधी कधी तिथे अचानक दाट ठिगळं तयार होतात, त्यांना स्पोरॅडिक-ई म्हणतात. दोनेक हजार किलोमीटरवरचं स्टेशन १० किंवा ६ मीटरवर अनपेक्षित जोरात आलं, तर बहुधा हीच करामत.

एक हिशेब मात्र हाताशी ठेवावा. सरळ वर पाठवलेली किती मेगाहर्ट्झपर्यंतची लहर एफ-२ थर परतवतो, त्याला क्रिटिकल फ्रिक्वेन्सी म्हणतात. तिरप्या जाणाऱ्या लहरीला तोच थर बराच वरपर्यंत परतवतो. ३,००० किलोमीटरच्या उडीसाठी साधारण तिप्पट धरा. क्रिटिकल फ्रिक्वेन्सी ८ असेल तर त्या उडीला २४ मेगाहर्ट्झपर्यंत वाट मिळते. ही कमाल मर्यादा म्हणजे एमयूएफ. भरवशाचं काम तिच्या ८५ टक्क्यांपर्यंत होतं, म्हणजे इथे २० मेगाहर्ट्झच्या आसपास. नियम सोपा आहे: एमयूएफच्या खाली राहा, पण जमेल तितकं वर, कारण खाली उतरलात की डी थराचं शोषण वाढत जातं.

तिसरी पायरी: रोजचे आकडे वाचा

हॅमच्या बहुतेक संकेतस्थळांवर एक छोटा फलक असतो. त्यातले तीन आकडे पुरेत.

एसएफआय म्हणजे सूर्याकडून २,८०० मेगाहर्ट्झवर, १०.७ सेंटिमीटर तरंगलांबीवर, येणारा रेडिओ गोंगाट. कॅनडातल्या पेंटिक्टन इथल्या वेधशाळेत तो रोज मोजतात. सूर्य अगदी शांत असताना तो ६५च्या आसपास असतो, कमाल काळात २००च्या वर जातो. महाराष्ट्रातून माझा ठोकताळा असा: ८०च्या खाली असेल तर २० आणि १७ मीटरवर भिस्त ठेवा, १००च्या वर १५ मीटर जिवंत होतो, १४०-१५०च्या वर काही दिवस टिकला तर १० मीटर सोडून दुसरीकडे जायचं कारण नाही. एका दिवसाच्या उसळीने फार फरक पडत नाही. आठवडाभर वर राहिला तर आयनांबर खरोखर भरतं.

केपी हा पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातल्या खळबळीचा आकडा, शून्य ते नऊ. दोनपर्यंत शांत. पाचला वादळ मोजायला सुरुवात होते. तिसरा आकडा क्ष-किरणांचा: बी, सी, एम, एक्स अशा चढत्या श्रेणी, प्रत्येक आधीच्या दहापट. एम आणि एक्स दिसलं की सावध व्हा.

एसएफआय जास्त आणि केपी कमी, हा दिवस सेटसमोर काढण्याचा.

चौथी पायरी: अंदाज बाजूला ठेवून आधी ऐका

आकडे शक्यता सांगतात, बँड उघडा आहे की नाही ते कानच सांगतात. त्यासाठी एनसीडीएक्सएफ आणि आयएआरयू या हौशी संघटनांची बीकन-साखळी, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप सिग्नल पाठवणारी स्टेशनं, हे हौशी जगातलं एक देखणं काम आहे. जगभरातली १८ बीकन १४.१००, १८.११०, २१.१५०, २४.९३० आणि २८.२०० मेगाहर्ट्झवर (अनुक्रमे २०, १७, १५, १२ आणि १० मीटर बँडवर) पाळीपाळीने प्रक्षेपण करतात. प्रत्येकाला १० सेकंद, म्हणून तीन मिनिटांत एका फ्रिक्वेन्सीवर साऱ्या जगाची फेरी पूर्ण. आधी मोर्समध्ये कॉलसाइन, म्हणजे स्टेशनचं ओळखनाव, १०० वॅटवर, मग चार लांब डॅश: १००, १०, १ आणि ०.१ वॅट.

१४.१०० लावा आणि तीन मिनिटं नुसतं ऐका. फिनलंडच्या ओएच२बीचा १ वॅटचा डॅशही ऐकू आला, तर उत्तर युरोपला तुमच्या वायर अँटेनातून बोलणं सहज होणार. मोर्स येत नसेल तरी अडत नाही; वेळापत्रक ठरलेलं आहे, घड्याळ अचूक असलं की कोणत्या १० सेकंदांत कोण आहे ते मोबाइलवरचं ॲप दाखवतं. एखादं बीकन दुरुस्तीसाठी बंद असू शकतं, म्हणून एकावर निकाल देऊ नका.

आपल्याला सगळ्यात जवळचं बीकन कोलंबोचं ४एस७बी, पुण्याहून दीड हजार किलोमीटरच्या आत. २८.२०० वर कोलंबो गायब आणि फिनलंड खणखणीत, असं झालं तर गोंधळू नका. उंच फ्रिक्वेन्सीची लहर तिरपी जाऊन दूर उतरते आणि मधला पट्टा कोरडा राहतो. तोच स्किप झोन. उलट २८.२०० वर कोलंबो जोरात येऊ लागलं, तर आयनांबर चांगलंच भरलंय किंवा स्पोरॅडिक-ई आलाय. आणखी वर, ६ मीटरवर, डोकावून पाहा.

डिजिटल पद्धत वापरत असाल तर १४.०७४, २१.०७४ आणि २८.०७४ वर एफटी८ ही संगणकाने क्षीण सिग्नल वाचणारी पद्धत चालते. चार-सहा वेळा ‘सीक्यू’ द्या आणि पीएसके रिपोर्टर या संकेतस्थळाच्या नकाशावर तुम्हाला कोणी ऐकलं ते पाहा. इथे शहरातल्या माणसाला एक महत्त्वाची खूण मिळते. दूरचे तुम्हाला ऐकतात, पण तुम्हाला ते ऐकू येत नाहीत, असं सतत होत असेल तर आयनांबराला दोष देऊ नका. गोंगाट तुमच्या इमारतीत आहे. सेट बॅटरीवर चालवून घरातला मेन स्विच बंद करा. गोंगाट पडला तर एलईडी दिवे, चार्जर, इन्व्हर्टर एकेक लावत अपराधी शोधा.

पाचवी पायरी: वाटेवरची दोन ठिकाणं तपासा

ही सवय लागली की पुस्तकातल्या तक्त्यांची गरज कमी होते. लंडन आपल्यापासून सात हजारांहून अधिक किलोमीटर, म्हणजे निदान दोन उड्या. लहर वर जाऊन वाकते ती दोन्ही टोकांपासून साधारण दोन हजार किलोमीटरवर: आपल्या बाजूने पूर्व इराणच्या आकाशात आणि त्यांच्या बाजूने युक्रेन-मोल्डोव्हाच्या आसपास. उंच बँडवर लंडन हवं असेल तर या दोन्ही जागी एफ-२ थर भरलेला हवा.

समजा संध्याकाळचे पाच वाजलेत, ११:३० यूटीसी. पूर्व इराणात दुपारचे साडेतीन, मोल्डोव्हात सूर्यानुसार दीडच्या जवळ, लंडनमध्ये जवळजवळ मध्यान्ह. सगळी वाट उजेडात आहे, थर ताजे भरलेत. १० आणि १५ मीटरवर युरोपसाठी याहून चांगली वेळ नाही. हाच प्रश्न सकाळी नऊला विचारा: लंडनमध्ये पहाटेचे साडेतीन, तिकडचा थर दिवसातल्या सगळ्यात दुबळ्या अवस्थेत. तेव्हा युरोप सोडा आणि पूर्वेकडे वळा. टोकियोत साडेबारा वाजलेत.

या हिशेबाने दिवस असा पडतो. सकाळी आठपासून दुपारपर्यंत १५, १२ आणि १० मीटरवर जपान, आग्नेय आशिया, ऑस्ट्रेलिया. दुपारी एकनंतर पश्चिम आशिया, मग पूर्व युरोप आणि हळूहळू पश्चिम युरोप. संध्याकाळी उंच बँड मिटू लागले की १७ आणि २० मीटरवर उतरा. युरोप आणि आफ्रिका तिथे मिळतात, आणि सूर्य जोरात असलेल्या वर्षांत २० मीटर रात्री उशिरापर्यंत जागा राहतो. त्यानंतर ३० आणि ४०.

४० मीटरला उलटा नियम लागतो: सारी वाट अंधारात हवी. डिसेंबरात लंडनला सूर्य मावळतो तेव्हा आपल्याकडे रात्रीचे ९:२० होतात, आणि पुण्यात सूर्योदय सातच्या सुमारास. म्हणजे साडेनऊ तासांहून मोठी खिडकी. जूनमध्ये लंडनचा सूर्यास्त आपल्या रात्री १:५० ला आणि पुण्याचा सूर्योदय सहाच्या आत. खिडकी चार तासांवर येते. त्यात वळवाच्या आणि मोसमी पावसाच्या विजांची खरखर ४० आणि ८० मीटर भरून टाकते. खालच्या बँडवरचं डीएक्स हा आपल्याकडे नोव्हेंबर ते फेब्रुवारीचा खेळ आहे. वरच्या बँडना मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबर, दिवस-रात्र समान होण्याच्या आगेमागे, सगळ्यात जास्त मानवतात.

सहावी पायरी: ग्रे लाइन

दिवस आणि रात्र यांच्या सीमेवरचा संधिप्रकाशाचा पट्टा म्हणजे ग्रे लाइन. त्या पट्ट्यात डी थर विरलेला किंवा अजून तयार व्हायचा असतो, पण वरच्या एफ-२ ला उजेड मिळत असतो. शोषण नाही आणि परावर्तन आहे, अशी ही वेळ. दोन्ही स्टेशनं त्या पट्ट्यावर एकाच वेळी असली, तर ३० आणि ४० मीटरवर एरवी न लागणारी स्टेशनं काही मिनिटं अशी येतात की कानांवर विश्वास बसत नाही.

बहुतेक लेख इथेच थांबतात. आपल्या कामाची गोष्ट पुढे आहे. हा पट्टा तुमच्या गावावरून कोणत्या दिशेने जातो ते ऋतूनुसार बदलतं, कारण तो नेहमी सूर्याच्या दिशेशी काटकोनात असतो. डिसेंबरच्या मध्यात पुण्यात सूर्य साधारण २४५ अंशांवर मावळतो. त्याला काटकोन म्हणजे ३३५ अंश. आता वरचा नकाशा आठवा: न्यूयॉर्क ३३३ अंशांवर. वेळही जुळते. पुण्यात सूर्यास्त सहाच्या सुमारास, आणि न्यूयॉर्कमध्ये सूर्योदय आपल्या पावणेसहाला. म्हणजे डिसेंबरच्या त्या संध्याकाळी आपण, न्यूयॉर्क आणि मधली जवळजवळ अख्खी वाट एकाच संधिप्रकाशात असतो.

जूनमध्ये हेच उलट घडतं. २१ जूनच्या आसपास पुण्यात सूर्योदय पहाटे सहाला दोन-चार मिनिटं कमी असताना होतो, ६५ अंशांवर. त्याला काटकोन पुन्हा ३३५. त्याच वेळी न्यूयॉर्कमध्ये आदल्या दिवसाची संध्याकाळ मावळत असते. फक्त त्या दिवसांत विजांची खरखर असते, म्हणून डिसेंबरची संध्याकाळ अधिक फळते.

कॅलिफोर्नियासाठी नोव्हेंबरचा आणि फेब्रुवारीचा पहिला आठवडा धरा, आणि सूर्योदयाची वेळ. नोव्हेंबरच्या सुरुवातीला पुण्यात सूर्य ६:३७ च्या सुमारास उगवतो, तेव्हाच सॅन फ्रान्सिस्कोत मावळत असतो, आणि पट्ट्याची दिशा १५-१६ अंशांवर येते, म्हणजे जवळजवळ नेमकी त्या मार्गाची. लंडन आणि टोकियो मात्र आपल्यासाठी ग्रे लाइनच्या दिशेत कधीच येत नाहीत, कारण पुण्याच्या अक्षांशावर हा पट्टा उत्तरेपासून दोन्हीकडे साधारण २५ अंशांपलीकडे झुकत नाही. त्या दिशांना ग्रे लाइनची वाट पाहण्यात वेळ घालवू नका.

तयारी अशी करा: सूर्यास्ताच्या अर्धा तास आधी ७ किंवा १० मेगाहर्ट्झवर, म्हणजे ४० किंवा ३० मीटरवर, बसा आणि ऐकत राहा. मुख्य खेळ सूर्यास्ताच्या मागेपुढे दहा-पंधरा मिनिटांचा असतो. तेव्हा लांबलचक गप्पा नकोत. कॉलसाइन, रिपोर्ट, धन्यवाद, पुढचा. गाव पुण्याच्या पूर्वेला असेल तर वेळ मागे सरकवा: नागपुरात सूर्य पुण्यापेक्षा साधारण अर्ध्या तासाच्या आत आधी उगवतो-मावळतो. आपल्या गावाचं गणित आपणच मांडा.

सातवी पायरी: चुंबकीय विषुववृत्ताचे शेजारी

थुंब्याला २१ नोव्हेंबर १९६३ रोजी भारताचं पहिलं रॉकेट उडालं, ते ठिकाण निवडलंच यासाठी की चुंबकीय विषुववृत्त तिथून जातं. दिवसा त्या रेषेवरचं विद्युत क्षेत्र इलेक्ट्रॉन वर उचलतं, मग ते चुंबकीय रेषांवरून घसरत उत्तरेला आणि दक्षिणेला उतरतात. परिणामी विषुववृत्तावर थर थोडा विरळ, आणि दोन्ही बाजूंना, साधारण १५ चुंबकीय अंशांच्या आसपास, दाट कडा. उत्तरेकडची कड मध्य भारतावर येते. महाराष्ट्र तिच्या दक्षिण उतारावर आहे.

याचा फायदा असा, की आपला एफ-२ थर युरोपीय हॅमच्या थरापेक्षा दाट असतो. सूर्य शांत असलेल्या वर्षांतही १५ मीटर आपल्याकडे पूर्ण मरत नाही, विशेषतः दक्षिणेकडे. मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात दुपारी उशिरा आणि संध्याकाळी १० मीटरवर, कधी ६ मीटरवरही, विषुववृत्तापारची स्टेशनं येतात: हिंदी महासागरातली बेटं, दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया. लहर दोन्ही कडांवर वाकते आणि मध्ये जमिनीला टेकतही नाही.

तोटाही याच जागेचा. सूर्यास्तानंतर विषुववृत्ताजवळचा थर अचानक वर उचलला जातो आणि त्यात विरळ बुडबुडे तयार होतात. संध्याकाळी सात ते मध्यरात्रीपर्यंत सिग्नल जोरात असूनही आवाज थरथरता, पाण्याखालून आल्यासारखा लागतो. एफटी८ मध्ये रेघ दिसते, पण डिकोड होत नाही. अशा वेळी दुरुस्तीसाठी सेट उघडू नका. सीडब्ल्यू, म्हणजे मोर्स, येत असेल तर संथ गतीने पाठवा, नाहीतर उत्तरेकडच्या दिशा घ्या. विषुववृत्तापासून दूर जाणाऱ्या वाटांना हा त्रास कमी.

आठवी पायरी: सूर्य बिघडतो तेव्हा

दुपारी २० मीटर छान चाललाय आणि दोन मिनिटांत सगळं गप्प. स्टेशनं तर गेलीच, नेहमीची मागची सळसळही मंदावली. कोॲक्सचा, म्हणजे अँटेनाच्या केबलचा, कनेक्टर हलवण्यापूर्वी क्ष-किरणांचा आलेख पाहा. मोठी सौर ज्वाला झाली की तिचे क्ष-किरण आठ मिनिटांवर काही सेकंदांत पोचतात आणि डी थर एकदम जाड होतो. परिणाम फक्त उजेडातल्या अर्ध्या पृथ्वीवर होतो. पूर्ववत व्हायला दहा-वीस मिनिटांपासून तासाहून जास्त वेळ लागतो, आणि उंच फ्रिक्वेन्सी आधी सुटतात. म्हणून २८ मेगाहर्ट्झवर जाऊन थांबा, मग क्रमाने खाली या.

चुंबकीय वादळाची तऱ्हा वेगळी. सूर्यावरून सुटलेला प्लाझ्माचा लोट साधारण एक ते तीन दिवसांत पोचतो, त्यामुळे पूर्वसूचना मिळते. केपी पाचच्या वर गेला की आधी ध्रुवाजवळच्या वाटा बुडतात: आपल्यासाठी कॅलिफोर्निया आणि न्यूयॉर्क. मॉरिशस, आफ्रिका, ऑस्ट्रेलिया या दक्षिणेकडच्या वाटा पुष्कळदा टिकतात. मे २०२४च्या १० आणि ११ तारखेला केपी नऊला टेकला होता आणि लडाखमधल्या हानले इथून ध्रुवीय प्रकाशाची लाली टिपली गेली.

या विषयात महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे आणि तो हॅम मंडळींना माहीत असावा. सप्टेंबर १८५९ मधलं कॅरिंग्टनच्या नावाने ओळखलं जाणारं वादळ मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत नोंदलं गेलं. चुंबकीय क्षेत्रात सुमारे १,६०० नॅनोटेस्लाची घट त्या नोंदींत दिसते, आणि आजही शास्त्रज्ञ त्या वादळाचा जोर ठरवताना या नोंदीकडे येतात. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून चुंबकीय मोजमाप १९०४ साली अलिबागला नेलं. ते आजही चालू आहे, नवी मुंबईतल्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेच्या देखरेखीखाली. आता आदित्य-एल१ ही ६ जानेवारी २०२४ पासून आपल्या ठरलेल्या कक्षेतून सूर्यावर नजर ठेवून आहे.

एक इशारा याच जागी. आकाशात वीज चमकू लागली की अँटेनाची केबल सेटपासून काढा आणि खोलीबाहेर ठेवा. बँड कितीही चांगला असला तरी.

नववी पायरी: वही

कोणतंही सॉफ्टवेअर तुमच्या गच्चीचं आकाश जाणत नाही. व्होॲकॅप हा बँडचा अंदाज काढणारा प्रोग्राम जरूर वापरा. पुणे-लंडनसारख्या एकेका वाटेची तासवार शक्यता ते महिन्यानुसार काढून देतं. पण ते महिन्याची सरासरी सांगतं, आजची संध्याकाळ नव्हे. वहीत प्रत्येक बैठकीला वेळ, बँड, कोणत्या दिशेचं काय ऐकलं, एसएफआय, केपी आणि त्या वेळी सूर्य कुठे होता एवढं लिहा. काहीच ऐकू आलं नाही तेही लिहा. त्या नोंदींशिवाय बँड उघडण्याची वेळ ठरवता येत नाही. सूर्य स्वतःभोवती सुमारे २७ दिवसांत फिरतो. आज १० मीटर विलक्षण चालला तर वहीत २७ दिवसांनंतरच्या तारखेवर खूण करा. तोच सक्रिय भाग पुन्हा पृथ्वीसमोर येण्याची चांगली शक्यता असते.

प्रक्षेपणाला परवाना लागतोच, आणि बँडच्या सीमा व वॅट आपापल्या परवान्यातल्या श्रेणीप्रमाणे पाळायच्या. ऐकण्याचा सराव मात्र परीक्षेचा अभ्यास चालू असतानाच सुरू करता येतो. इंटरनेटवरचे वेबएसडीआर, म्हणजे ब्राउझरमधून ऐकता येणारे दूरचे रिसीव्हर, त्यासाठी आहेत. नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठाचा रिसीव्हर उघडून तिथे भारतीय स्टेशनं कोणत्या वेळी येतात ते पाहिलं, की युरोपच्या वाटेची वेळ दुसऱ्या टोकावरूनही कळते.

आता तार कोणती आधी बांधायची? सध्याचं २५वं सौरचक्र (सूर्याची सक्रियता वाढून पुन्हा उतरण्याचा काळ) डिसेंबर २०१९ मध्ये सुरू झालं आणि त्याची कमाल पातळी २०२४च्या उत्तरार्धात आली. इथून काही वर्षं उतार आहे, पुढची नीचांकी अवस्था २०३०च्या सुमारास अपेक्षित आहे. म्हणून आधी १० मीटरचा डायपोल लावा. मेगाहर्ट्झने १४३ ला भागलं की लांबी मीटरमध्ये येते, २८.४ साठी ती पाच मीटरच्या आसपास, बाल्कनीच्या कोपऱ्यातून गच्चीच्या कठड्यापर्यंत मावेल एवढी. उताराच्या या वर्षांत तो वापरून घ्या. ४० मीटरची वीस मीटर लांब तार त्यानंतर, पावसाळा सरल्यावर, डिसेंबर येण्यापूर्वी बांधून ठेवा.